भूर्जाचं नाव ॲशला कसं चिकटलं? लॅटिन ‘फ्राक्सिनुस’चं एक प्रकरण

गंगोत्रीहून गोमुखाकडे चालत निघालं की आधी चीडबासा लागतं, मग भोजबासा. दोन्ही नावं झाडांची. चीड म्हणजे पाइन, भोज म्हणजे भूर्ज. भोजबासा साधारण ३,८०० मीटरवर आहे आणि ज्या झाडांवरून ते नाव पडलं ती झाडं तिथे आता फारशी उरलेली नाहीत. बरीचशी सरपणात गेली. आम्हाला त्या वाटेवर एका वळणावर चारपाच झाडं भेटली. एकाच्या बुंध्याखाली गळून पडलेल्या सालीचा तळहाताएवढा तुकडा होता. नखाने कड उचलली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटे व्हायला लागले. वरचा थर मळकट पांढरा, आतला फिकट गुलाबी, आणि त्यावर बारीक आडव्या रेघा, जणू कुणी वही आखून ठेवली आहे. फोटो काढला, तुकडा होता तिथेच ठेवला.

पुण्याला परतल्यावर तो फोटो ट्रेकच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं.

आमच्यातल्या एका काकांनी लगेच एक फॉरवर्ड चिकटवला. त्याचा सारांश असा: लॅटिनमधलं ‘फ्राक्सिनुस’ हे झाडाचं नाव आपल्या ‘भूर्ज’वरून आलं, म्हणजे रोमनांनी झाडांची नावंसुद्धा संस्कृतातूनच उचलली. पाच मिनिटांत एका मावशींचं उत्तर आलं. त्या वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. “अहो, काहीतरीच काय. फ्रॅक्सिनस म्हणजे ॲश. भूर्जाचं नाव बेट्युला. झाडच वेगळं आहे, तर नाव कसं तेच असेल?”

पुढे दोनतीन जणांनी हात जोडलेल्या इमोजी टाकल्या आणि विषय संपला. माझ्या मात्र डोक्यात राहिला, कारण काकांचं वाक्य चुकीचं होतं आणि तरीही त्यात काहीतरी खरं होतं; मावशींचा आक्षेप बरोबर होता आणि तरीही त्याने प्रश्न सुटत नव्हता. महिनाभर जमेल तसं वाचून काढलं. त्याचा हा हिशोब.

आधी झाडं बघू

मावशींच्या बाजूने सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं डोळ्यांनी तपासता येतं. भूर्ज, म्हणजे बर्च. साधं, कडेला करवतीसारखे दाते असलेलं पान, लोंबते तुरे, आणि कागदासारखी आडवी सुटणारी साल. पांढऱ्या सालीच्या बर्चमध्ये बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे ती पांढरी दिसते आणि पाण्याला दाद देत नाही. ॲशचं सगळं निराळं. पान संयुक्त, एका देठावर समोरासमोर पर्णिका, लांबून आपल्या कडुनिंबाची आठवण व्हावी असं. बियांना पंख, त्यांचे घोस लोंबतात. साल कागदासारखी सुटत नाही. कुळ म्हणाल तर ऑलिव्हचं. म्हणजे आपली जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक ही ॲशची भावंडं लागतात. भूर्ज या घरातला नव्हेच.

ॲशचं लाकूड चिवट आणि लवचीक. धक्का सोसतं, पटकन मोडत नाही. जुन्या काळी त्याचे भाले व्हायचे, पुढे अवजारांचे दांडे झाले, आणि क्रिकेटचे स्टंप परंपरेने याच लाकडाचे. (ॲशेस मालिकेशी या झाडाचा काही संबंध नाही, ती राख. ग्रुपवर हा प्रश्नही आला होता.)

तर झाडं दोन, यात वाद नाही. प्रश्न नावाचा आहे.

आवाजांचा हिशोब

व्युत्पत्तीत दिसण्यावर जायचं नसतं. ‘भूर्ज’ आणि ‘फ्राक्सिनुस’ यांच्यात कानाला एक ‘र’ सोडला तर काही सारखं लागत नाही. पण कानाला सारखं लागणं हा पुरावा कधीच नव्हता. पुरावा असतो तो नियमाने होणाऱ्या फरकाचा.

संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ‘भ’ असेल तर लॅटिनमधल्या त्याच्या नातलगात ‘फ’ येतो आणि इंग्रजीत ‘ब’. भ्रातृ, फ्रातेर, ब्रदर. भरामि, फेरो, बेअर, म्हणजे वाहून नेणं. हे एकदोन शब्दांपुरतं नाही, पानंच्या पानं भरतील इतक्या जोड्या आहेत. म्हणून ‘भूर्ज’चा भाऊ लॅटिनमध्ये शोधायचा तर ‘फ’पासून शोधायचा आणि इंग्रजीत ‘ब’पासून. इंग्रजीत तो समोरच उभा आहे: बर्च. अर्थही तोच, झाडही तेच.

आता शेवटचा ‘ज’. संस्कृतातला या जातीचा ‘ज’ लॅटिनमध्ये ‘ग’ होऊन भेटतो आणि जर्मन घराण्यात ‘क’ होऊन. गुडघ्याला आपण जानु म्हणतो, लॅटिनमध्ये गेनु, आणि इंग्रजीत ‘नी’च्या स्पेलिंगमध्ये जो मुका ‘के’ बसलाय तो पूर्वी बोलका होता. जर्मनमध्ये बर्चला आजही ‘बिर्क’च्या वळणाचा शब्द आहे, त्यात तो ‘क’ शाबूत आहे. इंग्रजीत त्याचा ‘च’ झाला, जसं स्कॉटिशमध्ये ‘कर्क’ तर इंग्रजीत ‘चर्च’. लिथुएनियन लोक ‘बेर्झास’ म्हणतात, रशियन ‘बेर्योझा’. सगळीकडे झाड बर्चच.

लॅटिनमध्ये या मुळाचं रूप ‘फ्राग्’सारखं काहीतरी असावं. त्याला ‘स्’ लागला, पुढे ‘इनुस’ हा प्रत्यय. ‘ग्’ आणि ‘स्’ एकत्र आले की लॅटिनमध्ये ‘क्स’ होतो. आपल्या ‘राज्’चा लॅटिन भाऊ ‘रेग्’, आणि त्याला ‘स्’ लागला की ‘रेक्स’, म्हणजे राजा. तसाच फ्राक्सिनुस. ‘इनुस’ हा ‘अमुक लाकडाचा’ अशा अर्थाची विशेषणं करणारा प्रत्यय आहे, तेव्हा हा शब्द मुळात विशेषण असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे अर्थ ‘भूर्जाचं’, आणि पुढे तेच नाव झालं.

कच्चे दुवे

इथवर वाचून काका खूश झाले असते. पण प्रकरण लिहायचं तर कच्चं काय आहे तेही मांडायला हवं.

पहिला कच्चा दुवा तो ‘क्स’च. लॅटिनमध्ये ‘ग्’ आणि ‘स्’ मिळून जसा ‘क्स’ होतो तसाच ‘क्’ आणि ‘स्’ मिळूनही होतो. प्रकाशाला ‘लूक्स’ म्हणतात, त्यात मूळ ‘क’ आहे. तेव्हा फ्राक्सिनुस एकटा साक्षीला उभा केला तर त्याच्या पोटात ‘ग’ होता हे तो शपथेवर सांगू शकत नाही. लॅटिनमध्ये ॲशला ‘फार्नुस’ असा आणखी एक शब्द आहे, याच मुळाचा मानला जातो. पण तिथे ‘न’च्या आधीचं व्यंजन पार गळून गेलंय, त्यामुळे त्याची साक्षही उपयोगाची नाही. दुसरा कच्चा दुवा स्वराचा. तो ‘अ’ नेमका कसा आला यावर अभ्यासकांत घासाघीस चालते. त्या तपशिलात शिरत नाही, तो मलाही जेमतेम पचला. तिसरा दुवा मावशींचा: अर्थ जुळत नाही.

इतकं असूनही लॅटिनचे प्रमाण व्युत्पत्तिकोश फ्राक्सिनुसला भूर्जाच्याच घरात ठेवतात. मला ते पटतं. सुरुवातीचं व्यंजन बसतं, ‘र’ बसतो, शेवटचं व्यंजन बसू शकतं, शब्द झाडाचाच आहे, आणि याहून बरं दुसरं स्पष्टीकरण कुणी दिलेलं नाही. न्यायालयात ज्याला परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात तसं हे प्रकरण आहे. साखळी पुरी आहे, पण तिची एक कडी आपण शेजारच्या कड्यांवरून ओळखलेली आहे.

काकांचं वाक्य कुठे चुकतं तेही इथेच कळतं. लॅटिनने संस्कृतातून शब्द उसना घेतला असता तर त्यात ‘ज’ची किंवा ‘भ’ची काही ना काही खूण राहिली असती, जशी मराठीने फारसीतून घेतलेल्या शब्दांत फारसीची राहते. आणि लिथुएनियन, रशियन, जर्मन या सगळ्यांनी तोच शब्द आपापल्या नियमाने वेगळा वागवून घेतला, हे उसनवारीने होत नाही. भूर्ज आणि फ्राक्सिनुस हे बाप-लेक नाहीत. चुलत भाऊ आहेत, आणि दोघांचा आजा, म्हणजे या सगळ्या भाषा जिच्यातून फुटल्या ती मूळ भाषा, कुठे लिहून न ठेवताच गेला.

नाव सुटं झालं तेव्हा

आता मावशींचा प्रश्न, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात आवडलेला भाग.

मुळात या नावाचा अर्थ काय असावा? बरेच अभ्यासक ते ‘चकाकणं’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. संस्कृतात तो भ्राज्, इंग्रजीत ‘ब्राइट’ त्याच घरातला. काळ्या-हिरव्या जंगलात पांढरं खोड लांबून चमकतं, म्हणून चमकणारं झाड. बर्च एकदा पाहिला असेल तर यावर वाद घालावासा वाटत नाही.

पण हे नाव तोंडात घेऊन जी माणसं हळूहळू इटलीत उतरली, पिढ्यान् पिढ्या दक्षिणेकडे सरकली, त्यांच्यासमोर बर्च राहिला नाही. इटलीत बर्च आल्प्समध्ये आहे, पुढे डोंगरांत तुरळक, सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर आहे. लॅटिन जिथे रुजली त्या लॅटिअमच्या मैदानात आणि टेकड्यांवर तो रोजच्या पाहण्यातला नव्हे. नाव होतं, झाड नव्हतं. अशी मोकळी नावं फार काळ मोकळी राहत नाहीत. ॲशची कोवळी साल गुळगुळीत फिकट करडी, आतलं लाकूड पांढुरकं. आजा-पणजा ज्याला ‘चमकणारं’ म्हणायचे ते हेच असणार, असं कुणाला तरी वाटलं असेल. किंवा दांडे आणि भाले ज्या लाकडाचे करतात ते, या वापरातून नाव सरकलं असेल. नेमकं कारण हाती लागणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

हे अशक्य वाटत असेल तर सोसायटीच्या कुंपणापाशी जाऊन उभं राहावं. तिथे सरळसोट, लांब लोंबत्या पानांची जी झाडं असतात त्यांना सगळे अशोक म्हणतात. सीता ज्याच्याखाली बसली तो अशोक तो नव्हे. खऱ्या अशोकाला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात, तो वेगळ्या कुळातला. खरा अशोक नजरेआड झाला आणि नाव पानांच्या साधर्म्याने दुसऱ्याला मिळालं. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाची पानं सोनं म्हणून वाटतात तीही याच वाटेवर आहेत.

ग्रीकांचंही असंच झालं. लॅटिनमध्ये ‘फागुस’ म्हणजे बीच, आणि त्याचाच ग्रीक भाऊ ‘फेगोस’ म्हणजे ओक. झाडांच्या नावांना पाय असतात असं म्हणायचा मोह होतो, पण खरं उलट आहे. झाडं जागेवर राहिली, माणसं चालली.

आणि याच्या बरोबर विरुद्ध टोक आपल्याकडे आहे. याच मूळ भाषेची दुसरी शाखा मध्य आशियातून भारतात आली, तेव्हा उत्तरेकडच्या झाडांची बहुतेक नावं वाटेत गळाली. बीचचं नाव संस्कृतात नाही, कारण बीच नाही. भूर्ज मात्र राहिला, कारण हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर ते झाड पुन्हा समोर आलं. नुसतं आलं नाही तर कामाला आलं. काश्मिरात त्याच्या सालीवर शतकानुशतकं पोथ्या लिहिल्या गेल्या. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात वर्णन करून ठेवलंय की लोक भूर्जाच्या सालीला तेल लावतात, घासून गुळगुळीत आणि कडक करतात आणि मग लिहितात. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावात सापडलेली गणिताची प्रसिद्ध पोथी भूर्जाच्या सालीवरचीच. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत ऋग्वेदाची जी ३० हस्तलिखितं आहेत, २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत गेलेली, त्यांतलं एक शारदा लिपीतलं आणि भूर्जाच्या सालीवरचं आहे. जॉर्ज ब्यूलरच्या १८७५ च्या काश्मीर दौऱ्यातून ते आलं.

सह्याद्रीत भूर्ज उगवत नाही. त्यामुळे मराठीत तो झाड म्हणून कधी आलाच नाही, आला तो भूर्जपत्र म्हणून. पूजासाहित्याच्या दुकानात अष्टगंधाच्या डबीशेजारी अजून मिळतं, ताईतात घालायच्या यंत्रासाठी. ‘पत्र’ म्हटल्यामुळे निम्म्या लोकांना ते पान वाटतं. ते पान नव्हे, सालच. हिंदीतला ‘भोज’ म्हणजे भूर्जाचंच घासून गुळगुळीत झालेलं रूप, भोजराजाशी त्याचा संबंध नाही. (हाही प्रश्न ग्रुपवर आला होता.)

मग बेतुला कोण?

रोमनांनी स्वतःचं बर्चचं नाव ॲशला देऊन टाकलं. पुढे साम्राज्य उत्तरेला पसरलं आणि बर्च पुन्हा दिसला, तेव्हा त्यांच्याकडे त्याला नावच नव्हतं. ते त्यांनी गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात राहणाऱ्यांकडून घेतलं: बेतुला, शास्त्रीय नावातलं बेट्युला ते हेच. रोमन लेखक थोरला प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, तो या झाडाला सरळ ‘गॉलचं झाड’ म्हणतो. त्याच्या विलक्षण शुभ्रतेचं कौतुक करतो आणि दंडाधिकाऱ्यांच्या छड्या याच्याच असल्याने ते भीतिदायक आहे असंही सांगतो. आणखी एक गोष्ट तो नोंदवतो: गॉल लोक यातून बिटुमेन, म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ, उकळून काढतात.

ही नोंद लाखमोलाची आहे, अगदी शब्दशः. कारण बेतुला आणि बिटुमेन या दोन्ही शब्दांच्या मुळाशी डिंक, राळ, चीक असा अर्थ आहे आणि त्या मुळाचा संस्कृत नातलग आहे ‘जतु’, म्हणजे लाख. पांडवांना जाळायला बांधलेलं लाक्षागृह महाभारतात जतुगृह म्हणूनच येतं. आणि शिलाजतु, दगडातून पाझरणारा चीक, त्याचं आपण शिलाजीत केलं. (हा ‘ज’ भूर्जातल्या ‘ज’पेक्षा निराळ्या वाटेने आलेला आहे. याच्या मुळाशी जो ओठ गोल करून म्हटलेला ‘ग’ होता, त्याचा गॉल आणि आयरिश घराण्यात ‘ब’ होतो. आपला ‘गो’, आयरिशमध्ये ‘बो’, अर्थ गायच.)

म्हणजे मावशी ज्याला भूर्जाचं खरं नाव म्हणत होत्या ते बेट्युला हे शिलाजीतचं भावंड, आणि भूर्जाचं भावंड ज्या झाडाला मिळालं ते ॲश. हिमालयातल्या भूर्जाचं आजचं शास्त्रीय नाव बेट्युला युटिलिस, १८२५ मधलं. त्याला एकोणिसाव्या शतकात ‘बेट्युला भोजपत्र’ असंही नाव दिलं गेलं होतं, पण आधीचं नाव धरायचं या नियमाने युटिलिस टिकलं. मला व्यक्तिशः दुसरं आवडलं असतं.

युटिलिस म्हणजे उपयोगी. योगायोग असा की ओविडच्या काव्यात ऑर्फियसचं गाणं ऐकायला झाडं गोळा होतात, तिथे फ्राक्सिनुसला हेच विशेषण लावलंय: भाल्यांसाठी उपयोगी. लॅटिन कवी कधी कधी नुसतं फ्राक्सिनुस म्हणून भालाच म्हणतात.

रोमनांना स्वतःला या शब्दाचं मूळ ठाऊक असणं शक्य नव्हतं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर याने कारण शोधलं ते असं: हे झाड डोंगरातल्या खडबडीत, तुटक्या जागी वाढतं, आणि तुटण्याच्या क्रियापदाशी फ्राक्सिनुसचा आवाज जुळतो. आपल्याकडेही प्रत्येक गावच्या नावामागे अशी एक गोष्ट असतेच. इसिडोरला हसू नये. त्याच्याजवळ संस्कृत नव्हतं, लिथुएनियन नव्हतं. हातात एकच भाषा असेल तर माणूस तिच्यातल्या तिच्यातच जोडण्या करणार.

वंशज

लॅटिनमध्ये झाडांची नावं पुरुषी तोंडवळ्याची असूनही स्त्रीलिंगी असतात, फ्राक्सिनुसही. तिच्या मुलांनी मात्र लिंग बदललं. इटालियनमध्ये फ्रास्सिनो, स्पॅनिशमध्ये फ्रेस्नो, पोर्तुगीजमध्ये फ्रेइशु, रुमानियनमध्ये फ्रासिन, सगळे पुल्लिंगी. त्या ‘क्स’चं काय झालं तेवढं पाहिलं तरी ही भावंडं ओळखू येतात. इटालियनने त्याचा ‘स्स’ केला. पोर्तुगीजने ‘श’ केला. स्पॅनिशमध्ये आधीचा ‘अ’ ‘ए’ झाला, मधली ‘इ’ गळली, फ्रेस्नो राहिला. फ्रेंचने सगळ्यात जास्त झिजवला: फ्रेस्न, मग ‘स’ बोलण्यातून गेला, मग लिहिण्यातूनही गेला, आणि त्याच्या जागी ‘ए’च्या डोक्यावर एक टोपी राहिली. आज उच्चार नुसता ‘फ्रेन’.

आडनावांत मात्र तो मुका ‘स’ अजून बसून आहे. प्रकाशाच्या लहरींचा अभ्यास करणारा ऑगस्टिन फ्रेनेल, ज्याची कड्याकड्यांची भिंगं दीपगृहांत बसली, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘स’ आहे. अर्थ छोटा ॲश. मध्ययुगीन लॅटिनचा अवाढव्य कोश १६७८ मध्ये छापणारा दु कांज, त्याचं पूर्ण नाव शार्ल दु फ्रेन. लॅटिन शब्दांचा आयुष्यभर पाठलाग करणाऱ्याच्या स्वतःच्या नावात एक लॅटिन झाड होतं. बाराव्या शतकातल्या मारी द फ्रान्सच्या एका कथाकाव्याची नायिका जन्मल्यावर ॲशच्या झाडात सोडून दिली जाते, म्हणून तिचं नाव फ्रेन. तिच्या जुळ्या बहिणीचं नाव हेझेल. लोक नायकाला समजावतात, ॲशला खायचं फळ येत नाही, हेझेलला येतं, तेव्हा लग्न हेझेलशी कर.

अल्बानियात हा शब्द रोमनांबरोबर गेला आणि तिथे ‘फ्राशर’ झाला. ‘न’चा ‘र’ कसा? दक्षिण अल्बानियाच्या तोस्क बोलीची ती खोडच आहे. उत्तरेच्या गेग बोलीत ‘फ्राशन’ आहे. त्या देशाचा राष्ट्रकवी नईम फ्राशरी १८४६ मध्ये फ्राशर गावात जन्मला. गावाचं नाव झाडाचं, आडनाव गावाचं.

प्रोव्हान्समध्ये ८८७ च्या सुमारास अरबांनी एक ठाणं बसवलं आणि ९७२ पर्यंत ते टिकलं. लॅटिन बखरींत त्याचं नाव फ्राक्सिनेतुम, म्हणजे ॲशची राई. आज तिथल्या गावाचं नाव ला गार्द-फ्रेने. आणि कॅलिफोर्नियात १८७२ मध्ये रेल्वे कंपनीने जे स्टेशन वसवलं ते फ्रेस्नो. तिथल्या नदीकाठच्या ॲशच्या झाडांवरून स्पॅनिश नाव आधीच पडलेलं होतं. पाच लाखांवर वस्तीच्या त्या शहरात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात देवापुढे भूर्जपत्र असेल तर पत्ता आणि पत्र एकाच मुळाचे आहेत.

फार्नुसची गोष्ट थोडक्यात. त्याच्या विशेषणापासून इटालियनमध्ये ‘फार्निया’ झाला आणि त्याचा आजचा अर्थ ॲशही नाही, ओकची एक जात आहे. म्हणजे बर्चवरून ॲश, ॲशवरून ओक. एकाच नावाने दोनदा झाड बदललं.

ॲशसाठी मुळातला जो वेगळा शब्द होता, ज्याच्यापासून इंग्रजीचा ‘ॲश’ आला, तो लॅटिनमध्ये मेला नाही. तो ‘ऑर्नुस’ होऊन एका जातीपुरता उरला, पांढऱ्या फुलांचा मॅना ॲश. सिसिलीत उन्हाळ्यात त्याच्या सालीला चिरा देतात, रस ओघळतो आणि वाळून पांढऱ्या कांड्या होतात. तो मॅना. दवाखान्यात मेंदूवरची सूज उतरवायला जे मॅनिटॉल शिरेतून देतात त्याचं नाव या मॅनावरून. आता ते फ्रुक्टोजपासून कारखान्यात बनतं. लिनिअसने १७५३ मध्ये या जातीला नाव दिलं फ्रॅक्सिनस ऑर्नस. दोन शब्दांचं नाव, पहिला मुळात बर्च, दुसरा मुळात ॲश, झाड ॲश.

वंशातलं अलीकडचं अपत्य काही शुभ नाही. १९९२ मध्ये पोलंडमध्ये ॲशची झाडं शेंड्याकडून वाळत असल्याचं लक्षात आलं. पूर्व आशियातून आलेली बुरशी निघाली आणि ती युरोपभर पसरली. तिचं आजचं नाव हायमेनोस्किफस फ्रॅक्सिनियस. रोमन लोक ‘ॲशच्या लाकडाचा’ म्हणायला जे विशेषण वापरत तेच.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, फार लांब झालं असतं. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे नातं आहे तर!” मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे झाड वेगळं आहे तर.” मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली, ती माझ्या वाचनात निसटली होती. गढवालच्या खालच्या जंगलांत अंगू नावाचं झाड मिळतं, चांगलं चिवट लाकूड. तो हिमालयातला ॲश, फ्रॅक्सिनस मायक्रँथा. आपण भोजबासाला जाताना त्याच डोंगरांतून वर चढलो होतो.

“खाली अंगूवर भूर्जाच्या घरातली पाटी,” त्या म्हणाल्या, “आणि वर भूर्जावर शिलाजीतच्या घरातली. वर्गात तीस वर्षं दोन्ही नावं फळ्यावर लिहिली, कधी वाचली नव्हती.”